मतांगीकार कोणाचा? पंडिता रमाबाई आणि त्रैक्याचा वाद

पंडिता रमाबाई ख्रिस्ती झाल्या हे आपल्याकडे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. बाप्तिस्म्याला पुरती दोन वर्षेही झाली नव्हती, तोच त्यांनी ख्रिस्ती धर्माच्या मध्यवर्ती सिद्धांतावरून आपल्या धर्ममातेशी वाद मांडला आणि तो महिनोन्महिने चालवला. या वादाचा उल्लेख मात्र चरित्रांत एखाद्या परिच्छेदात उरकलेला असतो. 'सुरुवातीच्या काळात काही शंका होत्या, पुढे त्या फिटल्या' अशी त्याची बोळवण होते. मला ती पटत नाही. त्या वादात रमाबाई कोणत्या मुद्द्यावर अडून बसल्या होत्या आणि समोरची बाजू इतकी का अस्वस्थ झाली होती, हे समजायचे तर पत्रे वाचावी लागतात आणि पत्रांच्या मागचा पंधराशे वर्षांचा इतिहासही थोडा चाळावा लागतो.

पत्रे उपलब्ध आहेत. अ. भि. शहा यांनी संपादित केलेला रमाबाईंचा इंग्रजी पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केला. पत्रे जपून ठेवली, क्रमाने लावली आणि त्यांना टिपणे जोडली ती सिस्टर जेराल्डीन यांनी, म्हणजे या वादातल्या प्रतिपक्षानेच. रमाबाईंची बाजू आज आपल्याला त्यांच्याच शब्दांत वाचता येते, याचे श्रेय त्यांना आयुष्यभर हट्टी आणि अहंकारी समजणाऱ्या एका जोगिणीकडे जाते.

आधी घटना थोडक्यात सांगतो. बिपिनबिहारी दास मेधावी यांचे फेब्रुवारी १८८२ मध्ये निधन झाले आणि रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन पुण्याला आल्या. आर्य महिला समाज, 'स्त्रीधर्मनीति', हंटर आयोगापुढची साक्ष हे सगळे त्या एका वर्षातले. १८८३ साली त्या वैद्यकशास्त्र शिकण्याच्या इराद्याने इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज गावी कम्युनिटी ऑफ सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन जोगिणींच्या मठात उतरल्या. या मठाच्या जोगिणी पुण्यातही काम करीत, ओळख तिथली. बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथे आत्महत्या केली. त्या धक्क्यानंतर थोड्याच दिवसांनी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. श्रवणदोषामुळे वैद्यकीचा बेत मागे पडला आणि पुढच्या वर्षी त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकू लागल्या, संस्कृत शिकवूही लागल्या.

इकडे पुण्यात गदारोळ. एका ब्राह्मण विदुषीने धर्म सोडला म्हणून काहींनी आग पाखडली. जोतीराव फुले यांनी १८८५ साली काढलेल्या 'सत्सार'मध्ये तिची बाजू घेतली. दोन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीत धरली होती: ही बाई आता पुरती ख्रिस्ती झालेली आहे. त्याच १८८५ साली चेल्टनहॅमहून वाँटेजला जी पत्रे जात होती, त्यांत ही बाई अजून पुरती ख्रिस्ती झालेलीच नाही, अशी तक्रार मठाच्या बाजूने चालली होती.

अडले कुठे? त्रैक्यापाशी. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन, तरी देव एकच, असा हा सिद्धांत. मराठी वाचकाच्या मनात इथे त्रिमूर्ती उभी राहते, पण ती बाजूला ठेवावी. ब्रह्मा, विष्णू, महेश यांच्यात कामाची वाटणी आहे आणि त्यांचे भक्त आपापला देव थोर म्हणून भांडूही शकतात. ख्रिस्ती सिद्धांतात तिघांचे तत्त्व एकच आहे, त्यात भाग नाहीत, वाटणी नाही आणि उच्चनीच तर मुळीच नाही. मराठीत त्या तिघांना 'व्यक्ती' म्हणतात. तो लॅटिन शब्दाचा नाइलाजाने केलेला तर्जुमा आहे आणि त्याने घोटाळा वाढतोच.

हा सिद्धांत येशूच्या तोंडी या शब्दांत कुठे येत नाही. 'त्रैक्य' हा शब्दही बायबलात नाही. तो घडत गेला, आणि भांडणांतून घडला. इसवी सन ३१८च्या सुमारास अलेक्झांड्रियात एरियस नावाच्या धर्मगुरूने सरळ प्रश्न विचारला. पुत्र पित्यापासून झाला, तर तो नव्हता असा एक काळ असलाच पाहिजे. मग तो सृष्टीतला पहिला आणि श्रेष्ठ असेल, पण पित्याच्या बरोबरीचा देव कसा? विरोधकांचे उत्तरही तितकेच सरळ होते: पुत्र जर निर्माण केलेला असेल, तर निर्माण केलेल्या वस्तूने माणसाचे तारण कसे होईल? आणि त्याची उपासना करणारे सगळे मूर्तिपूजकच ठरतील. सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२५ साली निकिया येथे धर्मपरिषद भरवली आणि पुत्र पित्याशी 'होमोऊसिओस', म्हणजे एकतत्त्व आहे, असे ठरले. काहींना 'होमोइऊसिओस', म्हणजे सदृशतत्त्व, एवढेच मान्य होते. ग्रीक लिपीत फरक एका आयोटाचा, आपल्याकडच्या वेलांटीएवढा. त्या वेलांटीवरून पुढची पन्नास-पंचावन्न वर्षे बिशप पदच्युत होत राहिले. निकियाच्या पक्षाचा खंदा पुरस्कर्ता अथनेशियस पाच वेळा हद्दपार झाला. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेनंतर साम्राज्यापुरता तरी निकाल लागला.

पंधराशे वर्षांनी रमाबाईंच्या वाटेत आडवा आला तो याच अथनेशियसच्या नावावर चालणारा मतांगीकार. (क्रीड या शब्दाला मराठी ख्रिस्ती उपासनेत 'मतांगीकार' म्हणतात आणि तो शब्द मला फार अर्थवाही वाटतो, मत अंगी करणे.) हा मतांगीकार अथनेशियसचा नाहीच. तो मुळात लॅटिन आहे, अथनेशियस लिहीत असे ग्रीकमध्ये. त्याच्या मृत्यूनंतर शंभरएक वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा पश्चिमेकडे कुणीतरी तो रचला. डच पंडित व्हॉसिअसने १६४२ सालीच हे दाखवून दिले होते. पण चर्च ऑफ इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकात तो होता आणि वर्षातून तेरा ठरलेल्या दिवशी तो म्हणायचा, असा नियम होता. त्यात त्रैक्याची मांडणी एखाद्या कायद्याच्या मसुद्यासारखी कलमाकलमाने केलेली आहे. त्याहून कठीण म्हणजे आरंभी आणि शेवटी दिलेला इशारा: हे जो जसेच्या तसे मानणार नाही, त्याचा नाश अटळ आहे.

खुद्द इंग्रजांनाही हा इशारा पचत नव्हता. अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चने १७८९ सालीच आपल्या प्रार्थनापुस्तकातून हा मतांगीकार वगळला होता. इंग्लंडात १८७०च्या आगेमागे त्यावरून रण माजले. सक्तीने म्हणायचा नियम ढिला करावा असे अनेक धर्माधिकाऱ्यांचे मत होते. तसे झाले तर आम्ही आपली पदे सोडू, अशी धमकी ऑक्सफर्डचे प्युसी आणि लिडन यांनी दिली. नियम राहिला. वाँटेजचा मठ त्याच प्युसीपंथीय, कडव्या 'हाय चर्च' परंपरेतला. रमाबाई इंग्लंडात उतरल्या तेव्हा ही जखम दहाएक वर्षांची होती आणि तिच्यावर नुकती खपली धरली होती.

दुसरी गोष्टही ताजीच होती. योहानाच्या पहिल्या पत्रात, पाचव्या अध्यायात, स्वर्गात साक्ष देणारे तिघे आहेत आणि ते तिघे एक आहेत, अशा अर्थाचे वचन शतकानुशतके छापले जात होते. सबंध बायबलात त्रैक्याला इतका उघड आधार दुसरा नाही. पण जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ते वचनच नाही. इरास्मसने १५१६ आणि १५१९ च्या आवृत्त्यांत ते घेतले नव्हते, ओरड झाल्यावर १५२२ साली घेतले. इंग्लंडात नव्या कराराची सुधारित आवृत्ती १८८१ साली निघाली, तेव्हा संपादक पंडितांनी ते काढून टाकले, समासात टीपही दिली नाही. या मंडळात व्हान्स स्मिथ नावाचे एक युनिटेरियन, म्हणजे त्रैक्य न मानणारे, सभासद होते. १८७० साली त्यांनी वेस्टमिन्स्टर ॲबीत इतरांबरोबर प्रभुभोजन घेतले म्हणूनही केवढा गहजब झाला होता. युनिटेरियन मत उघड मांडणे इंग्लंडात १८१३ पर्यंत कायद्याने गुन्हा होता. त्याच्या मागे गेले तर १५५३ साली जिनिव्हात जिवंत जाळलेला सर्व्हिटस लागतो.

तेव्हा त्रैक्याविषयी शंका घेणारी पहिली व्यक्ती भारतातून आलेली ही विधवा होती, असे मुळीच नाही. भारतातूनसुद्धा पहिली नव्हे. राममोहन रॉय यांनी १८२० साली येशूच्या नीतिवचनांचा संग्रह काढला, तेव्हा श्रीरामपूरच्या बॅप्टिस्ट मिशनरी मार्शमनशी त्यांचा याच प्रश्नावर तीन वर्षे वाद चालला. त्यात विल्यम ॲडम नावाचा मिशनरी राममोहनांना समजवायला गेला आणि स्वतःच युनिटेरियन होऊन परतला. 'दुसरा ॲडमही पतन पावला' अशी त्याची थट्टा झाली. रमाबाई १८७८ साली कलकत्त्याला गेल्या तेव्हा याच ब्राह्मो वर्तुळात त्यांचा वावर झाला. केशवचंद्र सेनांनी त्यांच्या हाती वेद ठेवला. पुण्यात प्रार्थना समाजाची मंडळी त्यांच्या भोवती होती. देव एक, निराकार, आणि त्याच्या व माणसाच्या मध्ये दलाल नाही, ही शिदोरी घेऊनच त्या बोटीत चढल्या होत्या.

पत्रांतला वाद सुरू होतो तो किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवरून. अंडे घातलेला पदार्थ खाणार नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, माझ्या देशातल्या बायकांना कळणारही नाहीत, संस्कृत का नको? चेल्टनहॅमला पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली, तेव्हा लाहोर आणि मुंबई या दोन ठिकाणच्या बिशपांनी हरकत घेतली. हिंदुस्थानात पुरुषांनी भरलेल्या सभांपुढे पुराणे सांगत वाढलेल्या रमाबाईंना याचे आश्चर्य आणि संतापही वाटला. ज्या बेड्या हिंदू शास्त्र्यांनी घातल्या नव्हत्या, त्या ख्रिस्ती धर्माधिकारी घालू पाहत होते.

१२ मे १८८५ चे पत्र या सगळ्याचा कळस आहे. मला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे, मन आहे, निर्णयशक्ती आहे, असे त्या जेराल्डीनना बजावतात. हिंदुस्थानातल्या पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून नुकते उतरवले आहे, तेव्हा पुरोहितांच्या तोंडून येईल ते सर्व परमेश्वराची आज्ञा म्हणून मानण्याचे दुसरे जू इतक्यात घ्यायची माझी तयारी नाही, असा त्या पत्राचा आशय. ज्या बाईला त्या हे लिहीत होत्या, तिला त्या एरवी प्रेमाने 'आजीबाई' म्हणत. ते नातेही या पत्रांत शेवटपर्यंत तुटत नाही, हे विसरू नये.

आता मुख्य मुद्दा. रमाबाईंनी बायबल नाकारले होते का? नाही. देव एकच आहे ही आज्ञा येशूने स्वतः सर्वांत मोठी म्हणून सांगितली, ती त्यांनी धरून ठेवली होती. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा घेण्यालाही त्यांची हरकत नव्हती, कारण ती शास्त्रातली आज्ञा. त्यांची हरकत पुढच्या पायरीला होती. शास्त्रवचनांवरून माणसांनी काढलेला निष्कर्ष शास्त्राइतकाच बंधनकारक का मानायचा?

माझा तर्क असा, की हा प्रश्न त्यांनी इंग्लंडात शिकलेला नव्हता. तो अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरातला होता. श्रुती आणि स्मृती यांत विरोध आला तर श्रुती बलवत्तर, हे शास्त्री घराण्यातल्या मुलीला वेगळे शिकवावे लागत नाही. रमाबाईंच्या लेखी बायबल ही श्रुती होती आणि अथनेशियसचा मतांगीकार ही स्मृती, तीही खोट्या नावावर खपवलेली. निकिया ही त्यांच्या दृष्टीने पंडितसभा. पंडितसभेचा निर्णय आदराने ऐकावा, पण ग्रंथ उघडून ताडून बघावा.

गंमत म्हणजे ही भूमिका चर्च ऑफ इंग्लंडच्या विरुद्धही नव्हती. त्या चर्चच्या एकोणचाळीस कलमांतले सहावे कलम म्हणते, की शास्त्रात नाही किंवा शास्त्रावरून सिद्ध होत नाही असे काहीही तारणासाठी आवश्यक म्हणून कुणावर लादू नये. आठवे कलम म्हणते, की तिन्ही मतांगीकार मानावेत, कारण ते शास्त्रावरून सिद्ध होतात. रमाबाई सहाव्या कलमावर उभ्या होत्या, जेराल्डीन आठव्यावर. 'सिद्ध होतात' हे ठरवायचे कोणी, एवढेच काय ते भांडण. आणखी एक तपशील बघण्यासारखा आहे. मोठ्या माणसांच्या बाप्तिस्म्याच्या विधीत उमेदवाराला जे विचारतात, ते प्रेषितांच्या मतांगीकारातले प्रश्न असतात, त्यात 'त्रैक्य' हा शब्दच नाही. अथनेशियसचा मतांगीकार म्हणायच्या तेरा दिवसांपैकी एक २१ सप्टेंबरचा, संत मत्तयाचा. रमाबाईंचा बाप्तिस्मा त्यानंतर आठ दिवसांनी झाला. ज्या गोष्टीची कबुली त्या दिवशी मागितलीच नव्हती ती दिली नाही म्हणून दोन वर्षांनी फसवणुकीचा आळ येणे, हे न्यायाला धरून नव्हते.

पण जेराल्डीनना खलनायिका करण्यात अर्थ नाही. त्या धर्ममाता होत्या. या दोन जिवांच्या श्रद्धेची जबाबदारी त्यांनी वेदीपुढे घेतलेली होती. मतांगीकारातल्या नाशाच्या इशाऱ्यावर त्यांचा अक्षरशः विश्वास होता. आपली लेक मानलेली बाई कड्याच्या टोकाकडे चालली आहे असे ज्याला खरोखर वाटते, त्याच्या तोंडून मवाळ शब्द कसे निघावेत? शिवाय प्रश्न एकट्या रमाबाईंचा नव्हता. मनोरमा तेव्हा चार वर्षांची, बराच काळ मठात जोगिणींपाशी राहणारी. आईने जे स्वतः मानलेले नाही, ते मुलीला शिकवायचे की नाही? आई म्हणे, माझ्या संमतीवाचून नको. जोगिणी म्हणत, तिचाही बाप्तिस्मा झालेला आहे, ती चर्चची आहे. सिद्धांताच्या या सगळ्या पसाऱ्यात दोन्हीकडचा आवाज खरोखर कापतो तो या ठिकाणी.

दोघींच्या मध्ये उभी होती चेल्टनहॅमची मुख्याध्यापिका डोरोथिया बील. स्वतः श्रद्धेच्या खडतर काळातून गेलेली, म्हणून शंकेला न घाबरणारी. रमाबाईंना ख्रिस्ती धर्म केवळ ऐतिहासिक साक्षात्कार म्हणून गळी उतरवता येणार नाही, त्यांना तो तत्त्वज्ञान म्हणून अभ्यासू द्या, असे तिने जेराल्डीनना कळवले. मला या पत्रव्यवहारात सर्वांत शहाणी वाटते ती ही बाई. जेराल्डीनना मात्र ती फार सवलत देते असे वाटे.

आणि पुण्याच्या पंचहौद मिशनमधून लिहिणारे फादर नेहेम्या गोरे. काशीचे नीलकंठशास्त्री गोरे १८४८ साली ख्रिस्ती झाले, 'षड्दर्शनदर्पण' लिहून त्यांनी षड्दर्शनांचे खंडन केले. ब्राह्मो मंडळी ज्याला बुद्धीने सापडलेला धर्म म्हणतात तो मुळात ख्रिस्ती शिकवणुकीतूनच उचललेला आहे, या त्यांच्या युक्तिवादाने आपण ख्रिस्ती धर्माकडे वळलो, असे रमाबाईंनी पुढे नमूद केले आहे. त्रैक्याबाबत गोऱ्यांचे म्हणणे असे, की साक्षात्कार एकदा मान्य केला की त्यातले गूढही मान्य करावे लागते. त्यांना स्वतःला शंकांनी आयुष्यभर छळले, पण त्या त्यांनी चर्चच्या पायाशी ठेवल्या. एकाच चित्पावन पंडिती परंपरेतले हे दोघे. एकाने शब्दप्रमाण शेवटचे मानले, दुसरीने शब्द कोणाचा ते आधी विचारले.

वाद निकाली निघाला नाही. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी फेब्रुवारी १८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला निघून गेल्या. तिथे डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला त्यांच्या शाळेच्या मदतीसाठी रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. तिचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन धर्मोपदेशक. उपाध्यक्षांत फिलिप्स ब्रूक्स, ज्यांच्या चर्चचे नावच ट्रिनिटी. वाँटेजला जे दोघे एका छपराखाली राहू शकले नसते, ते बॉस्टनला हिंदू विधवांसाठी एका टेबलाशी बसले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, ते धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याच्या अटीवर.

रमाबाईंना युनिटेरियन ठरवण्याचा मोह इथे होतो, तो आवरावा. १८९१च्या सुमारास त्यांना जो आध्यात्मिक अनुभव आला, त्याचे वर्णन त्यांनी १९०७ सालच्या आत्मनिवेदनात केले आहे. आपल्याला धर्म मिळाला होता, ज्याच्या नावाचा तो धर्म आहे तो मिळाला नव्हता, असा त्याचा आशय. त्यानंतरच्या लेखनात येशूच्या तारकत्वाविषयी किंवा पवित्र आत्म्याविषयी शंकेचा सूर उरत नाही. १९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जो धर्मजागर झाला, तो तर सगळा पवित्र आत्म्याच्या नावाने. म्हणजे जेराल्डीनना हवे होते ते बरेचसे घडले. पण ते मतांगीकाराच्या वाटेने घडले नाही आणि कुठल्या बिशपाच्या सांगण्यावरूनही नाही. ख्रिस्ती देशांतल्या पंथांच्या गलक्याला त्यांनी त्याच निवेदनात बाबेलची उपमा दिली आहे. मुक्ती मिशनही त्यांनी कुठल्या एका चर्चच्या दावणीला बांधले नाही.

आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. आधीची भाषांतरे असताना, पन्नाशीच्या आसपास, त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृतप्रचुर आणि हिंदू तत्त्वज्ञानाचा वास असलेले शब्द टाळून खेड्यातल्या बाईला कळेल असे मराठी त्यांनी पानोपान शोधले. खिळे जुळवले ते मुक्तीतल्या बायकांनी, छापलेही त्यांनीच. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या तेव्हा भाषांतर पुरे झालेले होते. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली केडगावच्या त्याच छापखान्यातून बाहेर पडला.